सुनावणी, फिर्याद आणि दाद

न्यायालयाची मराठी कान आणि कंठ यांवर उभी आहे. 'सुनावणी' घ्या. मुळात संस्कृत 'श्रु', प्राकृतात 'सुण', पुढे हिंदी 'सुनना'. मराठीचे घरचे क्रियापद 'ऐकणे', ज्ञानेश्वरीतले 'आइकणे'. तेव्हा 'सुनावणी' हिंदीच्या वाटेने कचेरीत शिरली असावी. 'सुनावणे' म्हणजे ऐकवणे: आपण खडे बोल सुनावतो, न्यायाधीश शिक्षा सुनावतात. 'वादी' हा 'वद्'पासून, म्हणजे बोलणारा. 'फिर्याद' फारसीतली 'फर्याद', म्हणजे आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, तेव्हा न्याय व्हावा, असे या शब्दांनी गृहीतच धरलेले दिसते.

मग कर्णबधिर माणसाने काय करावे? 'बधिर' फार जुना. ऋग्वेदात इंद्राला 'अबधिर' म्हटले आहे, म्हणजे हाक ऐकणारा. त्याचा भाऊबंद जुन्या आयरिशमध्ये 'बोदर' असा सापडतो. इंग्रजी 'बॉदर' त्याच कुळातला असावा, असाही एक तर्क आहे. प्राकृतात 'ध'चा 'ह' होऊन आपला 'बहिरा' आला. बहिरोबाचा मात्र याच्याशी संबंध नसावा, तो 'भैरवा'चा.

खटकतो तो 'मूकबधिर'. विग्रह कर्मधारयाचा: जो बहिरा, तोच मुका. हातांनी अस्खलित बोलणाऱ्यालाही हा समास मुका ठरवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो सोडवलेला दिसतो: श्रवणदोष एकीकडे, वाचा व भाषादोष दुसरीकडे, आणि संवादाच्या व्याख्येत खुणांनाही जागा.

सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत हजर झाल्या. कामकाज दुभाषी त्यांना हातांच्या खुणांनी सांगत होता. 'दुभाषी' हा संस्कृत 'द्विभाषिन्'चा वंशज. कंपनीच्या काळात मद्रासेत तोच 'दुबाश' होऊन गोऱ्या व्यापाऱ्यांची कामे करून देई. व्यापाराला जो दुभाषी लगेच मिळाला, तो न्यायाला इतक्या उशिरा मिळावा, हे बरे नव्हे. इस्पितळात निदान समजून घेताना, बँकेत कर्जाच्या कागदावर सही करताना, पोलीस ठाण्यात जबाब देताना तो आजही बहुधा नसतो. घरचे कोणी सोबत असले तर निभावते; पण मग माणसाची खासगी गोष्ट त्याची राहत नाही.

या सगळ्या शब्दांत एकच कानावर विसंबत नाही: 'दाद'. फारसी 'दाद' म्हणजे न्याय. जुन्या फारसीत 'दात' म्हणजे कायदा, घालून दिलेला नियम. संस्कृत 'धा'शी त्याचे नाते, म्हणजे 'विधी' आणि 'विधान' त्याचे सगोत्रच. दाद मागायला आवाज लागत नाही, कायदा लागतो. तो आपल्याकडे आहे. तेव्हा कचेरीच्या अर्जावर 'मूकबधिर' असे छापलेले दिसले, तर ते बदलायला सांगा. आणि त्याच अर्जात 'दुभाषी हवा का?' असा रकाना मागा.