भावंडांच्या गोष्टी आणि सातबारा

नारायणगावहून नाशिकच्या दिशेने निघालं की आळेफाटा लागतो. तिथून जवळच, आळे गावात, एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो हाच रेडा, असं परंपरा सांगते. चौघा भावंडांबरोबर तो आळंदीकडे चालत निघाला आणि वाटेत आळ्याला त्याने देह ठेवला. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातल्या मुलांना ही गोष्ट शाळेतल्या धड्याच्या आधीच ठाऊक असते. लहानपणी आमचं लक्ष अर्थातच रेड्याकडे असायचं. त्याच्या मागून चालणारी चार मुलं आईवडिलांविना होती, त्यांतला सगळ्यात मोठा जेमतेम मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता, हे लक्षात यायला बराच काळ गेला.

मराठीत 'भावंड' हा सुरेख शब्द आहे. नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे भाऊ की बहीण हे सांगायची सक्ती नाही. हिंदीत त्यासाठी 'भाई-बहन' असे दोन शब्द जोडावे लागतात. माझ्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, एकाच पालकाखालच्या घटकांना 'सिब्लिंग' म्हणतात. ते सगळे एका पातळीवर असतात, कुणाला कमी-जास्त हक्क नसतो. 'भावंड' या शब्दातही ही समानता आहे. मराठीत मुलांसाठी लिहिलेल्या भावंडांच्या गोष्टींमध्ये ती कितपत उतरली, हे पाहायला मी गेली दोन-तीन वर्षं जुनी-नवी पुस्तकं वाचतो आहे. हा लेख त्या वाचनाचा.

सुरुवात चौघांपासूनच करावी लागते. परंपरेने मानलेली जन्मसालं अशी: निवृत्ती 1273, ज्ञानेश्वर 1275, सोपान 1277, मुक्ताई 1279. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून गावाने वाळीत टाकलं. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह सोडला. मागे उरलेल्या चार मुलांनी एकमेकांना वाढवलं. मोठा भाऊ धाकट्याचा गुरू झाला. तो धाकटा लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून बसला, तेव्हा सगळ्यात लहान बहिणीने त्याची समजूत काढली. ते 'ताटीचे अभंग' मुक्ताईच्या नावावर आहेत. वयोवृद्ध योगी चांगदेवाची गुरूही तीच. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्यानंतर वर्षभराच्या आतबाहेर सासवडला सोपान, तापीकाठी मुक्ताई आणि त्र्यंबकेश्वरला निवृत्ती असे चौघेही गेले.

आता यातलं मुलांच्या पुस्तकांत काय येतं? मी चाळलेल्या छोटेखानी चरित्रांत मुक्ताईचं चित्र बहुतेक वेळा एकच असतं: ती ज्ञानेश्वरांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजते आहे. कुंभाराने खापर दिलं नाही, मुक्ताई हिरमुसली, भावाने योगबळाने पाठ तापवली. प्रसंग सुंदरच आहे. मुलांना चमत्कार आवडतो, चित्रकारालाही काढायला आवडतो. पण भावाला चार खडे बोल सुनावून दार उघडायला लावणारी मुक्ताई एखाद्या ओळीत उरकली जाते आणि चांगदेवाला शिकवणारी मुक्ताई चालत्या भिंतीच्या मागे दडते. चौघांत जिने दोघांना शिकवलं, ती स्वयंपाकापुरती लक्षात राहते. ही निवड कुणी ठरवून केली असेल असं मला वाटत नाही. मुलांसाठी गोष्ट आखडती घ्यायची म्हटलं की बहिणीच्या वाट्याला काय ठेवायचं, याची एक सवय लिहिणाऱ्यांच्या हाताला पडलेली दिसते.

ही सवय छापील पुस्तकाइतकीच जुनी आहे का, हे पाहायचं तर 1828 मध्ये जावं लागतं. त्या वर्षी सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' निघालं. आर्नो बेर्केँ या फ्रेंच लेखकाने 1782-83 मध्ये 'मुलांचा मित्र' अशा अर्थाच्या नावाने छोटे छोटे भाग काढले होते. ते इंग्रजीत गेले आणि इंग्रजीवरून छत्र्यांनी मराठीत आणले. त्याच वर्षी त्यांची 'इसपनीतिकथा'ही आली. इसापाच्या गोष्टींना आपल्याकडे पंचतंत्राची ओळख होती. कोल्हा, कावळा, सिंह सगळे घरचेच. बेर्केँचा प्रकार मात्र वेगळा. त्याच्या गोष्टींत राजा-राक्षस नाहीत. रोजच्या घरातली मुलं आहेत. ती भांडतात, खोटं बोलतात, खाऊ वाटून घेतात किंवा घेत नाहीत, आणि शेवटी आईवडील त्यांना शहाणपण शिकवतात. घर हीच शाळा आणि भावंडं हे एकमेकांच्या चांगुलपणाची परीक्षा घेणारे पेपर. पुढे 1881 मध्ये विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' आणि 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' ही मासिकं आली. शंभराहून जास्त वर्षांनी भा. रा. भागवतांनी 1951 मध्ये आपलं मासिक काढलं तेव्हा नावही 'बालमित्र'च ठेवलं. भागवतांचा उपदेशापेक्षा साहसाकडे ओढा होता. त्यांचा फास्टर फेणे घरात फार वेळ टिकतच नाही. पण घरातली गोष्ट सांगायची झाली की बेर्केँचा साचा मराठीत दीर्घकाळ टिकला.

त्या साच्याला खरं रक्तमांस दिलं ते साने गुरुजींनी. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. हे पुस्तक आईचं म्हणून ओळखलं जातं, पण भावंडांचं म्हणून वाचलं तर वेगळंच दिसतं. 'बंधुप्रेमाची शिकवण' या प्रकरणात दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसाळ्यात, नदी ओलांडून, पायी घरी येतो. मराठी बालवाचकांच्या कित्येक पिढ्या त्या कोटाने रडवल्या आहेत. 'पुण्यात्मा यशवंत' हे प्रकरण लहानपणीच गेलेल्या भावाचं आहे. श्यामला बहीणही आहे, अक्का. तिच्या नावाचं प्रकरण दुसऱ्याच रात्री येतं आणि त्याचं शीर्षक आहे 'अक्काचे लग्न'.

मला साने गुरुजींना दोष द्यायचा नाही. कोकणातल्या गरीब, प्रतिष्ठा घसरत चाललेल्या घरात मुलीचं लग्न ही खरोखरच मोठी घटना होती आणि त्यांनी जे जगलं ते लिहिलं. शिवाय पुस्तकभर त्या घराची जमीन, कर्ज, भाऊबंदकी यांची सावली आहे. वाटणीने माणसं कशी तुटतात हे मुलांच्या पुस्तकात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आलं असेल. पण वाटणी होते ती पुरुषांत. भाऊ कोट देतो किंवा घेतो. बहीण लग्न होऊन जाते. आयुष्याच्या अखेरच्या काळात 'साधना'तून गुरुजींनी पुतणी सुधा हिला पत्रं लिहिली. त्यांत ते एका मुलीशी जगातल्या सगळ्या विषयांवर मोकळेपणाने बोलतात. त्या पत्रांतली सुधा श्यामच्या अक्कापेक्षा कितीतरी पुढच्या काळातली वाटते.

छापील पुस्तकांच्या बाहेर मात्र भावंडांची एक निराळी गोष्ट कायम चालू होती. श्रावणातली शुक्रवारची कहाणी आठवा. भाऊ श्रीमंत, बहीण गरीब. भाऊ सहस्रभोजन घालतो, सगळ्या गावाला बोलावतो, बहिणीला वगळतो. ती पोरांना घेऊन जाते तर तिच्या फाटक्या कपड्यांवरून तिला बोलतो आणि शेवटी हाताला धरून पंगतीतून उठवतो. पुढे देवीच्या कृपेने बहिणीचे दिवस पालटतात. आता भाऊ मानाने जेवायला बोलावतो. ती जाते, अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेका दागिन्यावर एकेक पक्वान्न ठेवते. भाऊ विचारतो, हे काय? ती सांगते, ज्यांना तू जेवायला बोलावलंस त्यांना वाढते आहे. भाऊ खजील होतो, पाया पडतो आणि ती त्याला माफ करते.

ही गोष्ट बायका बायकांना सांगत होत्या, पण ऐकायला मुलं असायचीच. तिच्यात बहीण बोलते. पैसा भावा-बहिणीच्या नात्यात काय करतो, हे ती एका पाटावर मांडून दाखवते. जात्यावरच्या ओव्यांतही हेच. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून 1 लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत भावाचं कौतुक पानोपानी आहे, त्याची वाट पाहणं आहे, भावजयीबद्दलची नाराजी आहे आणि चोळी-बांगडीचा उल्लेख सारखा येतो. बहीण किती थोडं मागते हे त्या ओव्या ऐकताना जाणवतं. पण मागते, आणि मिळालं नाही तर तसं म्हणते. मुलांच्या पुस्तकांनी कहाणीतला चमत्कार घेतला, ओवीतली माया घेतली आणि हिशेब तेवढा गाळला.

हा हिशेब का महत्त्वाचा, ते आमच्या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, जिरायत होती ती बागायत झाली. द्राक्षं आली, ऊस आला, टोमॅटोचा बाजार वाढला. पुणे-नाशिक महामार्गाच्या बाह्यवळणात जमिनी गेल्या, मोबदला आला. जमिनीला भाव आला की सातबाऱ्यावरच्या नावांना भाव येतो. कायदा या बाबतीत पुस्तकांच्या पुढे गेला. महाराष्ट्राने 1994 मध्येच एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क दिला; 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना मात्र वगळलं. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. पण प्रत्यक्षात गावोगाव एक कागद तयार असतो: हक्कसोडपत्र. बहिणी येतात, सह्या करतात, साडी घेऊन जातात. पुढे फेरफार होतो आणि नावं कमी होतात.

आजोबा गेल्यावर आमच्या घरीही हेच झालं. दोन्ही आत्यांनी सह्या केल्या. कुणी त्यांना जबरदस्ती केली नाही. विचारलंही नाही, एवढंच. माहेर तुटू नये ही त्यांची किंमत होती आणि ती त्यांनी हसत मोजली. माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. 'किशोर'चे अंक तिनेच मला वाचून दाखवले, श्यामचा कोटही तिच्याच आवाजात माझ्या डोक्यात आहे. आत्यांच्या सह्यांनंतर काही महिन्यांनी जेवताना तिने बाबांना शांतपणे विचारलं, "बाबा, माझी सही कधी लागणार आहे? म्हणजे तेव्हाच सांगून ठेवते, मी करणार नाही." आई गप्प. बाबा पानावरून उठले नाहीत, पण पुढचे कित्येक दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. नातेवाइकांत कुजबुज झाली की शिकलेल्या मुलीला भावापेक्षा जमीन प्यारी. मी बाबांना सांगितलं की ताईचं नाव राहिलं तर मला आनंदच आहे. त्यांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. माझ्याशी भांडायची त्यांची तयारी होती. आम्ही दोघं एका बाजूला असू असं त्यांच्या कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

तेव्हापासून मी पुस्तकांकडे या नजरेने पाहतो. बदल नक्की झाला आहे. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'त एक अनाथ मुलगा परक्या घरात येतो आणि त्या घरचा होतो. रक्ताशिवाय भावंडपण जमू शकतं हे मराठी मुलांना त्याने शिकवलं. 1990 च्या सुमारास दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा आमच्या आधीच्या पिढीला तो पुन्हा भेटला. 1971 पासून बालभारतीच्या 'किशोर'ने खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत गोष्टी पोचवल्या. माधुरी पुरंदऱ्यांनी 'राधाचं घर' आणि यशच्या पुस्तकांत उपदेश जवळजवळ काढूनच टाकला. घरातली माणसं आपापली कामं करत दिसतात, मूल त्यांना पाहतं आणि कुणी त्याच्याकडून चांगुलपणाचा पेपर सोडवून घेत नाही. बेर्केँचा दोनशे वर्षांचा साचा तिथे मोडलेला दिसतो.

दाराशी भांडणारी मुक्ताई मात्र मला अजून मुलांच्या पुस्तकात पोटभर भेटलेली नाही. हक्काच्या वस्तूवरून भाऊ-बहीण भांडतात, दोघांचंही थोडं बरोबर असतं आणि शेवटी बहिणीला 'जाऊ दे, तू समजूतदार ना' असं कुणी म्हणत नाही, अशी साधी गोष्ट हवी आहे. मुलं ती रोज जगतात: खिडकीजवळची जागा, मोबाइल, सायकल. मोठेपणी त्याच भांडणाला गुंठ्यांत मोजतात. लहानपणी बहिणीने सोडून देणं हे प्रेमाचं लक्षण म्हणून वाचलेलं असेल, तर हक्कसोडपत्रावर तिची सही मागताना भावालाही आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही.

आमच्या घरचा कागद अजून झालेला नाही. बाबा ताईशी पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागले आहेत. विषय काढत नाहीत. ताईची मुलगी सहा वर्षांची आहे. ती सुट्टीत नारायणगावला आली की मी तिला शुक्रवारची कहाणी तोंडीच सांगतो. भावाने बहिणीला पंगतीतून उठवलं इथे ती माझ्याकडे संशयाने बघते. पाटाशी आलो की मला थांबवते आणि कुठल्या दागिन्यावर कुठलं पक्वान्न ठेवलं ते नीट सांगायला लावते. मागच्या वेळी मी नथीवर जिलबी ठेवली होती आणि या वेळी लाडू ठेवला, तेव्हा तिने मला दुरुस्त केलं.