एक चॅनल, चार भाषा : वरळीच्या मनोऱ्याची गोष्ट

नाशिकहून पुन्हा एकदा तुमच्या कानाशी. हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट टीव्हीची आहे, पण सुरुवात कॅनडातून करू.

1984 साली टोरांटोमध्ये टेलेलातिनो नावाचं चॅनल सुरू झालं. प्रेक्षक दोन प्रकारचे, इटालियन बोलणारे आणि स्पॅनिश बोलणारे. चॅनल मात्र एकच. म्हणजे कोणाची मालिका कधी, फुटबॉल कोणाच्या भाषेत, ही ओढाताण आलीच.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? अहो, हेच आपल्याकडे 12 वर्षं आधी झालं होतं. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबईचं दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं. आणि ते फक्त मराठी नव्हतं. संध्याकाळच्या मोजक्या तासांत मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी असं सगळं बसवायचं. 'आमची माती आमची माणसं' शेतकऱ्यांसाठी, 'गजरा' मराठी विनोदासाठी. गुजराती घरांसाठी 'आवो मारी साथे', त्यांच्या पोरांसाठी 'संताकूकडी'. तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हिंदीत, आणि 'छायागीत' तर सगळ्यांचंच! स्मिता पाटील सिनेमात नाव होण्याआधी इथेच मराठी बातम्या द्यायच्या.

आता जरा मागे जा. 1960 च्या 1 मेपर्यंत महाराष्ट्र आणि गुजरात एकाच द्विभाषिक राज्यात होते. मुंबई कोणाची यावरून केवढं रणकंदन झालं, 100 हून जास्त माणसं गेली. त्यानंतर फक्त 12 वर्षांनी त्याच दोन भाषा एका पडद्यावर शेजारी बसल्या. मला तरी ही गोष्ट छोटी वाटत नाही. रिमोट नव्हता, दुसरं चॅनल नव्हतं. गुजराती कार्यक्रम लागला की मराठी घर उठून जायचं कुठे? बघत बसायचं. शेजारच्याची भाषा कानावर पडायची ती अशी, कोणी शिकवली म्हणून नाही.

पण हे सुख मुंबईचं. 1973 मध्ये सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं. आपलं नाशिक? या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि वरळी ते नाशिक मध्ये आडवा सह्याद्री. मनोरा कितीही उंच असो, कसारा घाट त्याहून वरचढ. पुढे 1983 मध्ये इन्सॅट 1बी उपग्रह गेला आणि गावोगावी छोटी सहक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली. गंमत बघा, सुरुवातीला अशी बरीच केंद्रं दिल्लीचाच कार्यक्रम पुढे पाठवत. म्हणजे टीव्ही गावात आला, पण बोलला हिंदीत! मराठीतली शेतीची माहिती ज्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त हवी, त्याच्या भाषेला रांगेत मागे उभं राहावं लागलं.

मग वाटण्या झाल्या. 1990 च्या दशकात मराठीसाठी वेगळी वाहिनी निघाली, 2000 मध्ये तिला 'सह्याद्री' नाव मिळालं. तोवर खाजगी मराठी चॅनलही आलं होतं. तिकडे कॅनडातही तसंच. 2005 मध्ये इटलीच्या सरकारी चॅनलला परवानगी मिळाली आणि इटालियन घरांना स्वतंत्र दार उघडलं. आपल्या भाषेला 24 तास मिळाले हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. फक्त आता मराठी घरात 'संताकूकडी' चुकूनसुद्धा लागत नाही.

आणखी एक. तेव्हा टेप महाग असायच्या. जुनं पुसून त्याच टेपवर नवं रेकॉर्ड करायचे, त्यामुळे त्या काळातलं पुष्कळसं आता बघायलाच मिळत नाही. उरलंय ते आपल्या आजी-आजोबांच्या डोक्यात. तर आज घरी गेल्यावर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि विचारा, पहिला टीव्ही कोणाच्या घरी बघितला, आणि त्यावर कोणती भाषा चालू होती? मिळालेलं आम्हाला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.