तारखेचे घर

पूर्वी पाडव्याला जोशीबुवा पंचांगातले वर्षफळ वाचून दाखवीत. १९७३ साली जयंतराव साळगांवकरांचे ‘कालनिर्णय’ आले आणि तिथी, सण, उपास भिंतीवरच्या खिळ्याला लागले. आमच्या केनवडात त्याच चौकटींत दुधाचा हिशेबही मांडलेला मी पाहिला आहे.

इकडे ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क यांनी सुमारे ४०० जणांना संगणकांची न मागितलेली जाहिरात तारेवरून धाडली. तो आगंतुक पुढे मोबाइलच्या दिनदर्शिकेतही शिरला. २०१६ च्या नोव्हेंबरात अनेक आयफोनधारकांच्या तारखांवर स्वस्त चष्म्यांची आमंत्रणे उमटली; होकार देण्याआधीच!

जाहिरात भिंतीवरही होतीच, पण तारखेच्या कडेला अदबीने उभी. चौकट घरधनिणीची होती. ती तिचीच राहावी, एवढेच माझे मागणे.