काळजावरची गाठ

बकरा कापल्यावर त्याच्या काळजावर किंवा फुप्फुसावर कधी कधी पांढरी, पाण्याने भरलेली गाठ आढळते. खाटीक ती कापून बाजूला टाकतो आणि दाराशी बसलेले कुत्रे ती खाते. या साध्या घटनेमागे मोठा इतिहास आहे. तो आज मला सांगायचा आहे.

शेळ्या-मेंढ्यांच्या कृमींशी औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नाते जुने आहे. १९५८ साली येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे तेथील प्राणिशास्त्र विभागात डॉ. जी. बी. शिंदे, डॉ. बी. व्ही. जाधव आदींनी कापलेल्या जनावरांची आतडी तपासून पट्टकृमींच्या अनेक जाती नोंदवल्या. ‘मोनिझिया’ वंशातील एका जातीला ‘ऑरंगाबादेन्सिस’ असे या शहराचेच नाव मिळाले. मोनिझिया करडा-कोकरांची वाढ खुंटवतो. माणसाला सहसा त्रास देत नाही.

काळजावरची गाठ मात्र वेगळी. ती ‘एकायनोकॉकस’ या पट्टकृमीची बाल्यावस्था असते. १८५३ साली जर्मन शास्त्रज्ञ फोन सीबोल्ड यांनी दाखवून दिले, की अशा गाठी कुत्र्याला खाऊ घातल्या की त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर, मुलांच्या हातांवर पोहोचतात. माणसाच्या पोटात गेली, की त्याच्याही यकृतात तशीच गाठ धरते आणि ती वर्षानुवर्षे वाढत राहते.

म्हणजे हा रोग मटण खाल्ल्याने होत नाही. ज्या घरात मटण शिजतही नाही, तेथील मुलालाही तो होऊ शकतो. त्यामुळे दोष खाणाऱ्याला देऊन भागत नाही.

एकोणिसाव्या शतकात मेंढपाळांच्या आइसलँडमध्ये या रोगाने थैमान घातले होते. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राब्बे १८६३ साली तेथे गेले. गाठी कुत्र्यांना घालू नका, हे सांगणारी त्यांची पुस्तिका घरोघर फुकट वाटली गेली. पुढे कायदेही झाले. विसाव्या शतकात तेथील माणसांतला हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडे मोकाट कुत्री आणि उघड्यावरची कापणी यांची सांगड अजून सुटलेली नाही. गाठी खोल पुरणे किंवा जाळणे, पाळीव कुत्र्याला पशुवैद्यांकडून नियमित जंतनाशक देणे, जेवणापूर्वी हात धुणे, एवढे आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी मटण घेताना आपल्या खाटीकदादांना जरूर विचारा : ‘दादा, गाठ निघाली तर ती टाकता कुठे?’