अंगणातलं गांजाचं झाड कपाटात कसं गेलं?

मागच्या महिन्यात घाटकोपरला व्याख्यान संपलं, चहा चालू होता, आणि एक मुलगा जवळ आला. विशीचा असेल. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यानं विचारलं, "सर, तुम्ही नैतिकतेवर बोललात म्हणून विचारतो. घरातल्या घरात, कपाटात, दिवा लावून गांजाची दोन झाडं वाढवली तर त्यात वाईट काय? फार खर्च नाही करायचा, दहा-पंधरा हजारात बसवायचं आहे." आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण असा प्रश्न कोणी इतक्या सरळपणे विचारला नव्हता. त्याला तिथे धड उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे. झाडं कशी वाढवायची ते इथे मिळणार नाही, ते आधीच सांगतो. आम्हाला अडकवलं ते त्याच्या वाक्यातल्या 'कपाटात' या शब्दानं. उन्हात वाढणारं, माणसाच्या उंचीच्याही वर जाणारं हे झाड कपाटात का जाऊन बसलं?

सुरुवात आपल्याच भागातून करू. 1534 साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी बेट आलं, म्हणजे आजचं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. पुढे मुंबईचं बेट त्याच्याकडे खंडानं होतं. 1563 साली गोव्यात त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापला गेला, आणि त्यात एक संवाद भांगेवर आहे. तो सांगतो की ज्या बहादूरशहानं आपली साष्टी देऊन टाकली, तोच म्हणायचा, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यावंसं वाटलं की थोडी भांग खाल्ली म्हणजे झालं. ओर्तानं हे वर्णन वैद्याच्या कुतूहलानं केलंय. त्यात धिक्कार नाही आणि कौतुकही नाही. भांग, गांजा हा तेव्हा बाजारातला आणि अंगणातला विषय होता. गोसावी, बैरागी, हमाल, पालखीचे भोई, सगळ्यांच्या ओळखीचा. 'गांजेकस' हा शब्द आपल्या भाषेत आहे आणि त्यात थोडी निंदा आहे. पण ती निंदा माणसाची आहे. झाडाला कोणी गुन्हेगार म्हटलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातला गांजा शेतात पिकायचा. नगर जिल्हा, आजचं अहिल्यानगर, त्यासाठी प्रसिद्ध होता. मध्य प्रांतात खांडवा, बंगालात राजशाहीतलं नौगाव. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळ धरलेले शेंडे. त्यात बी धरू नये म्हणून नर झाडं वेळीच उपटून टाकावी लागत, आणि ती ओळखणं हे कसबाचं काम. बंगालात त्यासाठी वेगळा माहीतगार असे, त्याला पोद्दार म्हणत. म्हणजे ही चोरीछुप्याची लागवड नव्हती, तिच्यात कसबी माणसं होती आणि त्यांचा पगार होता.

आता सरकारकडे वळू. 1878 चा मुंबई अबकारी कायदा आपल्या उपनगरांतल्या जुन्या लोकांना ताडीमुळे आठवत असेल. गोराई, मनोरी, मढ इथल्या भंडाऱ्यांना प्रत्येक छेदल्या जाणाऱ्या ताडामाडाचा कर भरावा लागे. ताड उंच, उघड्यावर उभा, दुरून मोजता येतो. कारकून येतो, मोजतो, आकडा लिहितो. गांजाचं झाड तसं नाही. कुडामागे चार झाडं लावली तर मामलेदाराला कळणार कसं? महसुलाच्या दृष्टीनं अंगणातलं झाड म्हणजे न मोजता येणारं झाड. आमच्या मते, पुढचं बरंचसं रामायण या एका अडचणीतून निघालं.

1893 च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवाल्या सदस्यानं प्रश्न विचारला आणि भारत सरकारनं आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सदस्यांत चार इंग्रज अधिकारी आणि तीन भारतीय. 1,193 साक्षीदार तपासले, सात खंडांचा अहवाल 1894 मध्ये दिला. आम्ही तो निवृत्तीनंतर वाचला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्यात सर्वांत आवडलं ते वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण. 'गांजानं वेड लागतं' हे सर्वज्ञात सत्य. नोंदवहीत रुग्णापुढे कारण 'गांजा' असं लिहिलेलं. आयोगानं विचारलं, हे लिहिलं कोणी? बघतात तर पुष्कळदा रुग्णाला घेऊन आलेल्या पोलिसानं! आम्ही वर्गात 'शब्दप्रमाण' शिकवायचो तेव्हा हे उदाहरण माहीत नव्हतं, याची हळहळ वाटते.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेतानं घेतल्यास म्हणण्यासारखी इजा होत नाही, अतिसेवन वाईट. संपूर्ण बंदी नको. पण मग शिफारस काय? लागवड परवान्याशिवाय करू देऊ नये, ती ठरावीक टापूत एकवटावी, भरपूर कर लावावा, दुकानं कमी करावीत. बंगालात नौगावचा माल सरकारी गोदामात जाई आणि कर भरूनच बाहेर पडे. तो नमुना इतरांनी घ्यावा. म्हणजे बघा, पिणाऱ्याला सोडलं आणि अंगणातलं झाड काढलं. परसातल्या झाडावर पहिली खरी गदा आली ती आरोग्याच्या नावानं नव्हे, हिशेबाच्या नावानं.

पुढचा भाग भराभर सांगतो. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, त्यात गांजा आणि भांग दोन्ही. 1961 चा संयुक्त राष्ट्रांचा करार. त्यातून भारतानं पंचवीस वर्षांची सवड मिळवली. ती संपत आली तेव्हा 1985 मध्ये, ऑगस्टच्या अखेरीस मांडलेलं विधेयक सप्टेंबरच्या मध्यावर कायदा झालं. तोच एनडीपीएस. शेंडे म्हणजे गांजा, नुसती पानं त्यातून वगळली, म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. आपल्याकडे 1949 चा कायदा आहेच, तेव्हा होळीला फुशारकी मारू नये.

पण लागवड? जवळ बाळगण्यात किलोच्या आतबाहेर असा फरक आहे, शिक्षा त्यावर ठरते. लागवडीला तसा फरक नाही. कलम 20 प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड; झाडं दोन की दोनशे, कलम तेच.

तरी अजून आपण कपाटात पोहोचलो नाही. त्यासाठी अमेरिकेत जावं लागतं. 1983 पासून कॅलिफोर्नियात सरकारनं डोंगरातल्या गांजाच्या मळ्यांवर हेलिकॉप्टरं फिरवायला सुरुवात केली. वरून दिसणारं झाड छपराखाली गेलं, सूर्याच्या जागी सोडियमचे दिवे आले. 1989 मध्ये तिथल्या अमली पदार्थ खात्यानं असे दिवे आणि सामान विकणाऱ्या दुकानांवरच धाडी घातल्या. ओरेगनमधला कायलो नावाचा गृहस्थ घरात दिव्यांखाली झाडं वाढवत होता. 1992 मध्ये रस्त्यावरच्या गाडीतून उष्णता मोजणारं यंत्र त्याच्या भिंतीवर रोखलं गेलं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की ही घराची झडतीच, वॉरंट हवं. ताड मोजणारा कारकून आणि भिंतीतली ऊब मोजणारा पोलीस, आम्हाला दोघे एकाच घराण्यातले वाटतात. 2012 साली एका अमेरिकी अभ्यासकानं अंदाज काढला की त्या देशातली सुमारे एक टक्का वीज अशा बंदिस्त लागवडीत जाते. जे झाड नगरच्या उन्हात फुकट वाढत होतं, त्याला!

आणि एक बदल झाला. बंद खोलीत, निवडक जातींतून झाड तीव्र होत गेलं. अमेरिकेत जप्त मालाच्या तपासणीत नशेचा मुख्य घटक 1995 मध्ये चार टक्क्यांच्या आसपास होता, तो 2014 मध्ये बारा टक्क्यांवर गेला. 2022 मध्ये थायलंडनं गांजा मोकळा केल्यावर बँकॉकहून 'हायड्रो' गांजा घेऊन येणारे प्रवासी आपल्या सहार विमानतळावर वरचेवर पकडले जाऊ लागले, तो हाच कपाटातला माल. तेव्हा 1894 च्या अहवालाचा दाखला देऊन 'बेतानं घेतल्यास अपाय नाही' म्हणणं हा तर्कदोष आहे. साक्षीदारांनी ज्याबद्दल साक्ष दिली ती वस्तू आता राहिलेली नाही.

तो मुलगा पुढच्या व्याख्यानाला, मुलुंडला, पुन्हा आला. आम्ही त्याला हे सगळं थोडक्यात सांगितलं. तुझं म्हणणं की कायद्याचा उगम महसुलात आहे, ते बरोबर. उगम क्षुद्र असला म्हणून कायदा पोकळ ठरत नाही, तसाच तो शहाणाही ठरत नाही. ते वेगळं तपासावं लागतं, आणि तो बदलावा असं वाटत असेल तर उघडपणे बोलावं लागतं. मग विचारलं, फ्लॅट कोणाच्या नावावर? म्हणाला, आईच्या. तर कलम 25 वाच, म्हटलं. आपल्या जागेत हे चाललंय हे माहीत असून चालू देणाऱ्यालाही शिक्षा आहे. तुझ्या दहा-पंधरा हजारांत हा खर्च धरलेला नाहीस.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ते सात खंड कुठे मिळतील?" स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ते इंटरनेटवर फुकट ठेवलेत, असं आम्ही सांगितलं. पहिल्या खंडापासून नको सुरू करूस, मुंबई इलाख्याच्या साक्षी आधी काढ. त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं आणि 7.52 च्या लोकलसाठी पळाला.