बिब्ब्याचा वचक

पश्चिम रेल्वेवर बोईसर सोडलं की डहाणू रोडच्या आधी वाणगाव लागतं. मुंबईच्या बाजाराला हे गाव मिरचीमुळे ठाऊक. पण जुन्या लोकांवर खरा वचक होता तो दुसऱ्याच एका झोंबऱ्या फळाचा, बिब्ब्याचा.

गुडघा धरला, टाच ठणकू लागली, की सुई बिब्ब्यात खुपसून दिव्यावर धरायची आणि सुटलेल्या काळ्या तेलाचा ठिपका दुखऱ्या जागी द्यायचा. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हा उपाय पिढ्यान् पिढ्या चालला. तेल जरा जास्त लागलं की बिब्बा उतायचा. अंगावर फोड, सूज, खाज. मग खोबरं नि तीळ वाटून लावायची धांदल. चाललेल्या कामात मोडता घालणाऱ्याला मराठी माणूस ‘बिब्बा घालतो’ म्हणतो, ते उगाच नव्हे.

चरकसंहितेतही हा धाक दिसतो. ज्येष्ठ-आषाढात फळं गोळा करा, जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवा, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीतच ती पोटात घ्यायला सुरुवात करा, आणि पिण्याआधी तोंडाला आतून तूप लावा. औषधापेक्षा पथ्यच मोठं! पुढे वैद्यांनी विटेच्या चुऱ्यात बिब्बा घोळून त्याचं तेल शोषून घ्यायची रीत पाळली. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्तानं १५६३च्या आपल्या ग्रंथात बिब्ब्याला स्वतंत्र प्रकरण दिलं.

धोबी याच रसानं कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या कातडीवर नेमके त्या खुणांच्या जागी चट्टे उठले, तेव्हा १९४३मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. इथल्या कुठल्याही आजीनं कारण एका शब्दात सांगितलं असतं.

स्वातंत्र्यानंतर हा धाक सरकारी कागदावर आला. १९४०च्या औषध कायद्यात १९६४च्या दुरुस्तीनं आयुर्वेदिक औषधं आली. त्यातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत बिब्बा, कुचला, बचनाग आहेत. ती असलेलं पोटात घ्यायचं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

अडचण सौम्य वाटणाऱ्या वनस्पतींची आहे. सांधेदुखीसाठी आज हळदीच्या अर्काच्या, सालईच्या डिंकाच्या, गुग्गुळाच्या गोळ्या सर्रास मिळतात आणि त्यांना कुणी भीत नाही. गुळवेल तर आमवातापासून तापापर्यंत सगळ्यावर घेतली जाते. करोनाकाळात ती घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला : ती वेल गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी? वाद वैद्यकातला, पण पुडीत नेमकं काय आहे, हा प्रश्न गिऱ्हाइकाचाही आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला हळदीच्या अर्कानं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि तरीही दवाखान्यात ‘कोणती औषधं घेता?’ असं विचारलं की ती बाटली सांगायची राहून जाते. बिब्बा लपवता येत नसे. तो कातडीवर दिसायचा.