दक्षिणेच्या निधीपासून निमगिरीपर्यंत

पेशव्यांच्या अमदानीत श्रावणमासी पुण्यास जमणाऱ्या विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या निधीतूनच कंपनी सरकारने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, आणि पुढे तीच पाठशाळा नाव व जागा बदलत येरवड्याच्या माळावर डेक्कन कॉलेज म्हणून स्थिरावली, ही हकीकत पुणेकरांस परिचित आहे. त्या पाठशाळेपासून थोड्या दिवसांच्या पायपिटीवर, जुन्नर आणि अकोल्याच्या डोंगरकपारींत, महादेव कोळी, ठाकर व कातकरी पिढ्यानपिढ्या राहत होते. परंतु त्यांच्याविषयी काही जाणून घ्यावे असे त्या विद्येस दीर्घकाळ वाटल्याचे दिसत नाही.

जाणून घेतले ते फौजेने. १८३० च्या सुमारास कोळ्यांनी सह्याद्रीत बंड केले, त्याचा बीमोड करण्याच्या कामगिरीवर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉश या अधिकाऱ्यानेच काही वर्षांनी महादेव कोळ्यांच्या कुळांचा, चालीरीतींचा आणि देवदेवतांचा तपशीलवार वृत्तांत लिहिला. तो वृत्तांत मोलाचा आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. तथापि मुलखाचा बंदोबस्त करणाऱ्याच्या नजरेतून माणूस जेवढा दिसतो तेवढाच त्यात दिसतो, हेही विसरून चालणार नाही. २ मे १८४८ रोजी ठाण्यास फाशी गेलेला, महादेव कोळ्यांचा बंडखोर पुढारी राघोजी भांगरे सरकारी दप्तरात दरोडेखोर म्हणून नोंदला गेला, आणि डोंगरात मात्र तो वीर म्हणून आठवणीत राहिला.

१९३४ साली बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा तेथे मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आल्या. बर्लिनला मानवी कवट्यांच्या असममितीवर प्रबंध लिहून, आणि युरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वाचा आपल्या गुरूचा सिद्धांत त्या मोजमापांतून सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निर्भयपणे मांडून परतलेल्या या विदुषीने पुण्याच्या विद्येला ग्रंथागारातून उठवून वाटेवर आणले. पश्चिम खानदेशातील भिल्लांपासून कोयनेच्या धरणाने उठवलेल्या गावकऱ्यांपर्यंत त्यांची पाहणी पोचली, आणि मोजपट्टी घेऊन गेलेल्या बाई माणसांशी बोलत बसल्या, हीच मला त्यांच्या कार्यातील मोठी गोष्ट वाटते.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६२ मध्ये शासनाने पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था काढली. क्वीन्स गार्डनमधील तिच्या वस्तुसंग्रहालयात आदिवासींची वाद्ये, मुखवटे, दागिने आणि वारल्यांची चित्रे एकत्र पाहावयास मिळतात. त्या वाद्यांपैकी वारल्यांचा तारपा भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांचा केलेला असतो. भाताची कापणी झाल्यावर रात्रभर त्याच्याभोवती फेर धरला जातो, आणि नाचणारा तारप्याकडे पाठ करीत नाही.

संस्था सरकारी खरी, परंतु तिचे महत्त्व ध्यानी येण्यास जरा दूरवर पाहावे लागते. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी कित्येक महिने संप केला तो याचसाठी, की आमच्या समाजांचा इतिहास आम्हांस शिकवा आणि शिकविणारे आमच्यांतील असू द्या. पुढे कॅलिफोर्नियातच नॉर्थरिजच्या विद्यापीठात ग्वातेमाला, एल साल्वादोर आदी देशांतून यादवीमुळे परागंदा झालेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी मध्य अमेरिकेच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

पुण्यात अशा संपावाचून ते घडले. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे, स्वतः महादेव कोळी असलेले डॉ. गोविंद गारे याच संस्थेचे संचालक झाले, आणि महादेव कोळ्यांपासून राज्यातील सर्व जमातींपर्यंत त्यांनी मराठीत विपुल लेखन केले. ज्या डोंगराची मॅकिन्टॉशने पाहणी केली, त्याच डोंगरातील माणूस आता लेखणी धरून बसला होता. बाहेरून पाहणे आणि आतून जाणणे यांतला फरक डोंगरातल्या हिरड्यावरूनही कळतो. सरकारी कागदात हिरडा हे केवळ वनोपज आहे. पण बाळहिरडा कोवळा असताना, आत बी धरण्यापूर्वीच झाडावरून उतरवावा लागतो, वाळून काळा पडला की त्याला चांगला भाव येतो, आणि त्या पैशांतून घरात मीठमिरची येते, हे निमगिरीकडच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही.